स्नोबोर्डची यादी, बुलढाण्याचं धनुष्य आणि "सबसिडी हाये का?"



आपल्या व्हिडिओंखाली रोज कमेंट येतात, मी जमेल तेवढ्या वाचतो. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच आहे. "सर, या धंद्याले सबसिडी हाये का?" धंदा कसा चालतो, माल कुठे विकायचा, भांडवल किती लागेल, हे सगळं नंतर. काही जण तर धंद्याचं नावसुद्धा लिहीत नाहीत. "सध्या कायले सबसिडी चालू हाये थे सांगा, थोच धंदा करतो," असं सरळ लिहितात. चूक त्यांची एकट्याची नाही. आपल्याकडे घरात, पारावर, बँकेच्या दारात, सगळीकडे हेच बोललं जातं.

या प्रश्नाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते आज एका खेळाच्या गोष्टीतून सांगतो. खेळ आहे स्नोबोर्डिंग. हसू नका. आपलं बुलढाणा विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं हे खरं, पण आपला बर्फाशी संबंध रसवंती आणि कुल्फीच्या गाडीपुरताच. तरीपण या खेळाची गेल्या साठ वर्षांची कहाणी वाचत गेलो आणि मला सारखं आपल्या जिल्ह्यातलं काहीतरी आठवत राहिलं. ते काय, ते पुढे येईलच.

आधी खेळ काय ते बघू. स्कीइंग तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. दोन पायांना दोन लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या आणि बर्फाच्या उतारावरून खाली. स्नोबोर्डला एकच रुंद फळी असते. दोन्ही पाय त्याच फळीवर आडवे बांधलेले, हातात काठी नाही. सगळा तोल कमरेवर आणि गुडघ्यांवर.

सुरुवात झाली १९६५ च्या नाताळात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. शेर्मन पॉपेन नावाच्या माणसाने आपल्या मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. गल्लीतल्या पोरांनी लगेच मागे लागून तसल्याच मागितल्या. त्याच्या बायकोने नाव सुचवलं 'स्नर्फर', म्हणजे बर्फावरचं सर्फिंग. बॉलिंगचं सामान बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीने तो माल बनवायला घेतला. फळीच्या टोकाला एक दोरी, ती हातात धरायची आणि पाय नुसते फळीवर ठेवायचे. खेळणं होतं ते. खेळण्याच्या दुकानात विकलं जायचं.

आता खरा माणूस येतो, जेक बर्टन कारपेंटर. न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून हा व्हरमाँट राज्यात गेला आणि १९७७ मध्ये फळ्या बनवायची स्वतःची कंपनी काढली. एकामागून एक नमुने केले, मोडले, परत केले. १९७९ मध्ये तो मिशिगनमधल्या स्नर्फिंगच्या स्पर्धेला स्वतः बनवलेली फळी घेऊन गेला. तिला पाय अडकवायचे पट्टे होते. बाकीच्यांनी आरडाओरडा केला की हे नियमात बसत नाही. शेवटी आयोजकांनी तोडगा काढला. त्याच्यासाठी एक वेगळा 'खुला' गट केला. त्या गटात स्पर्धक किती? एक. जेक बर्टन. तो पहिला आला हे सांगायला नको.

मला हा प्रसंग फार आवडतो. चेष्टेचा विषय आहे खरा, एकटाच धावला आणि एकटाच जिंकला. पण नीट बघा, त्या दिवशी जो प्रकार कुठल्याच यादीत नव्हता, तोच पुढे अख्खा खेळ झाला. आणि ज्या प्रकाराची ती स्पर्धा होती, त्या दोरीवाल्या फळीचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

पुढची काही वर्षं स्नोबोर्डवाल्यांना बर्फाच्या डोंगरावर पायच ठेवू देत नव्हते. डोंगर म्हणजे रिसॉर्ट, तिकीट काढून वर जायचं, खाली घसरत यायचं. रिसॉर्टच्या मालकांना ही पोरं नको होती. कपडे ढगळे, वागणं बेफिकीर, जुने स्कीवाले गिऱ्हाईक तक्रार करायचे. व्हरमाँटच्या स्ट्रॅटन रिसॉर्टने १९८३ च्या सुमारास दार उघडलं, मोठ्या रिसॉर्टमधलं ते पहिल्या काहींपैकी एक. आज अमेरिकेत फक्त तीन रिसॉर्ट उरले आहेत जे स्नोबोर्डला बंदी करतात. युटामधले आल्टा आणि डियर व्हॅली, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. बाकी सगळ्यांना कळलं की नवीन पिढीचं तिकीट त्या फळीवरूनच येतं. तत्त्वाचं वगैरे काही नव्हतं, गल्ल्याचा प्रश्न होता.

त्याच वर्षी, १९८३ मध्ये, कॅलिफोर्नियात टॉम सिम्सने जागतिक स्पर्धा भरवली. सिम्स मूळचा स्केटबोर्डवाला. त्याने स्पर्धेत एक नवा प्रकार घातला, हाफपाइप. सिमेंटचा मोठा पाइप उभा अर्धा चिरावा तशी बर्फाची नाली, दोन्ही बाजूला भिंती. खेळाडू एका भिंतीवरून दुसरीवर जातो आणि कडेवरून हवेत उडून गिरक्या घेतो. आज ऑलिंपिकमध्ये या भिंती २२ फूट उंच असतात, म्हणजे आपल्याकडच्या दोन मजली घराएवढ्या. तर बर्टनच्या गटातल्या पूर्वेकडच्या खेळाडूंना हा प्रकार बिलकूल पटला नाही. त्यांच्या मते खेळ म्हणजे वेगात खाली येणं, घड्याळ लावून. ही उड्या मारायची सर्कस कसली? बहिष्काराची भाषा झाली. म्हणजे बघा, चार वर्षांपूर्वी ज्याला बाकीचे 'नियमात बसत नाही' म्हणत होते, त्याचेच लोक आता दुसऱ्याला तेच म्हणत होते. धंद्यात हे मी रोज बघतो. काल ज्याने पहिल्यांदा गावात फोनवरून ऑर्डर घ्यायला सुरुवात केली, तोच आज इन्स्टाग्रामवर माल विकणाऱ्या पोरीला नावं ठेवतो.

आज हाफपाइप हा या खेळाचा चेहरा आहे. शॉन व्हाइटचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल, त्याने २००६, २०१० आणि २०१८ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं याच प्रकारात घेतली.

आता येतो यादीचा विषय. १९९० च्या आसपास स्नोबोर्डवाल्यांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना काढली होती, आयएसएफ. खेळाडू तिच्यासोबत, स्पर्धा तिच्या, चाहते तिचे. मग १९९४ मध्ये स्कीइंगची जुनी संघटना एफआयएस जागी झाली आणि तिने स्नोबोर्डचे स्वतःचे सामने सुरू केले. हीच ती मंडळी, ज्यांना कालपर्यंत ही पोरं डोंगरावर नको होती. ऑलिंपिक समितीने खेळ घ्यायचं ठरवलं तेव्हा खेळाची सूत्रं दिली एफआयएसकडे, कारण तिची ओळख जुनी आणि नाव यादीत आधीपासून होतं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड आला, जायंट स्लॅलम आणि हाफपाइप असे दोन प्रकार. त्या काळात हाफपाइपमधला जगातला सगळ्यात भारी मानला जाणारा नॉर्वेचा टेरिये हॉकोनसेन या कारभाराच्या निषेधार्थ गेलाच नाही. त्याचा बाणेदारपणा मला आवडतो, पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००२ मध्ये आयएसएफ बंद पडली. एफआयएस आजही आहे.

म्हणून कुणी मला म्हणू नका की सर यादीला काही किंमतच नाही म्हणतात. किंमत आहे. पैसा यादीच्या मागे जातो. प्रायोजक जातो, सरकार जातं, टीव्ही जातो. खेळ तुम्ही वाढवला असेल, तुमच्याकडे सगळे चांगले खेळाडू असतील, तरी दरवाज्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असू शकते.

नागानोतली अजून एक गंमत राहिलीच. पहिलं सुवर्ण जिंकलं कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीने. तपासणीत त्याच्या शरीरात गांजाचा अंश सापडला, पदक काढून घेतलं. त्याने अपील केलं आणि पदक परत मिळालं. कारण काय? गांजावर बंदी घालणारा नियमच त्या स्पर्धेत नीट ठरलेला नव्हता. म्हणजे यादीमुळे संघटना बुडाली आणि यादीत नाव नव्हतं म्हणून माणूस तरला, दोन्ही एकाच खेळात.

त्यानंतर ती यादी किती वेळा बदलली बघा. २००२ मध्ये जायंट स्लॅलम गेला आणि पॅरलल जायंट स्लॅलम आला. आधी एकेक जण खाली यायचा, घड्याळ लावलेलं. आता दोघं शेजारीशेजारी सुटतात, एक लाल खांबांच्या वाटेवर, एक निळ्या. जो मागे पडला तो बाहेर. शंकरपटात बैलांच्या दोन जोड्या बाजूबाजूला सोडतात ना, तसंच चित्र. २००६ मध्ये स्नोबोर्ड क्रॉस आला. तिथे चार-सहा जण एकदम सुटतात, उंचवटे, वळणं, धक्काबुक्की. २०१४ मध्ये दोन नवे, स्लोपस्टाइल आणि पॅरलल स्लॅलम. २०१८ मध्ये बिग एअर आला, एकच मोठी उडी. बीजिंगमध्ये तर २०२२ ला या उडीचा उतार एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या आवारात बांधला होता, मागे कारखान्याचे भलेमोठे कूलिंग टॉवर. त्याच वर्षी स्त्री-पुरुष मिश्र जोडीचा स्नोबोर्ड क्रॉस आला. नागानोत सुवर्णपदकं होती चार, आता आहेत अकरा.

आणि गेलेले? पॅरलल स्लॅलम २०१४ ला आला आणि २०१८ ला नव्हता. फक्त एकदा. ज्यांनी त्याच्यासाठी चार-चार वर्षं घासली त्यांना पुढच्या वेळी कळलं की तुमचा प्रकार आता नाही. पॅरलल जायंट स्लॅलम २०२६ पर्यंत टिकला, पण २०३० मध्ये ठेवायचा की नाही यावर वाद सुरू झाला आणि खेळाडूंना तो वाचवायला मोहीम चालवावी लागली. कारण तरुण प्रेक्षक उड्या बघतो, वेग बघत नाही. म्हणजे १९८३ मध्ये ज्याला सर्कस म्हटलं ते आता घरमालक झालं आणि शर्यत भाडेकरू.

या सगळ्यात एका माणसाची गोष्ट मी थोडी सविस्तर सांगणार आहे. विक वाइल्ड, अमेरिकेत जन्मलेला, शर्यतीच्या प्रकारातला खेळाडू. २०१० च्या ऑलिंपिकनंतर अमेरिकेच्या संघटनेने त्या प्रकाराचा कार्यक्रमच गुंडाळला. पैसे उड्यांच्या प्रकारांकडे गेले. त्याच्यापुढे दोन रस्ते होते. प्रकार बदलायचा नाहीतर घरी बसायचं. त्याने तिसरा काढला. त्याने अलेना झावारझिना या रशियन स्नोबोर्डपटूशी लग्न केलं, रशियाचं नागरिकत्व घेतलं आणि तिकडून खेळला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पॅरलल जायंट स्लॅलमचं सुवर्ण त्याने जिंकलं, त्याच दिवशी त्याच प्रकारात बायकोला कांस्य. तीन दिवसांनी पॅरलल स्लॅलमचंही सुवर्ण त्यानेच घेतलं. तोच प्रकार, जो फक्त एकदाच ऑलिंपिकमध्ये झाला.

याचा अर्थ तुम्ही देश बदला असा काढू नका! मला त्यात दिसतं ते हे, की एका ठिकाणची यादी म्हणजे जगातली यादी नव्हे. एका बँकेने, एका खात्याने, एका व्यापाऱ्याने तुमचं काम कामाचं नाही म्हटलं, तर काम संपत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे असू शकतं.

आणि एस्टर लेडेत्स्का. चेक प्रजासत्ताकची ही मुलगी. २०१८ मध्ये तिने स्कीइंगची सुपर-जी शर्यत जिंकली, तीही दुसऱ्या खेळाडूच्या वापरलेल्या स्की पायाला लावून. फरक किती? सेकंदाचा शंभरावा भाग. आठवड्याभरात स्नोबोर्डचं पॅरलल जायंट स्लॅलमही जिंकलं. तिला लहानपणापासून सगळे सांगत होते की एक काहीतरी धर, दोन्ही दगडांवर पाय ठेवू नको. आपल्या क्लासमध्ये मीही बऱ्याच जणांना हाच सल्ला देतो आणि पुढेही देणार आहे, कारण प्रत्येक जण लेडेत्स्का नसतो. पण तिच्याकडे बघून एवढं कळतं की दोन्ही प्रकारांत तोल सांभाळायचं कौशल्य एकच होतं. यादीत ते दोन खेळ होते, तिच्या पायांना एकच होता.

आता आपल्या घरी येऊ.

बुलढाण्यात तिरंदाजीचा सराव करणारी पोरं तुम्हाला माहीत असतील. तिरंदाजीतही असेच दोन मोठे प्रकार आहेत. एक रिकर्व्ह, म्हणजे टोकं बाहेर वळलेलं साधं धनुष्य, ७० मीटरवर नेम. दुसरं कंपाउंड. त्याला टोकाला चाकं असतात, दोरी त्यावरून फिरते. पूर्ण ओढलं की ताण एकदम कमी होतो, त्यामुळे शांतपणे धरून नेम धरता येतो. बाण बोटांनी सोडत नाहीत, हातात एक छोटं यंत्र असतं, त्याने सोडतात. नेम ५० मीटरवर, लक्ष्य लहान, एका सामन्यात १५ बाण. सगळे दहाच्या वर्तुळात गेले तर १५० गुण. हे धनुष्य अमेरिकेतल्या मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन या माणसाने शोधलं, पेटंट मिळालं १९६९ मध्ये. तेव्हा जुन्या तिरंदाजांनी तेच म्हटलं जे जेक बर्टनला म्हटलं होतं. हे धनुष्य नाही, यंत्र आहे.

ऑलिंपिकमध्ये १९७२ पासून तिरंदाजी आहे ती फक्त रिकर्व्ह. कंपाउंडला जागतिक स्पर्धेत जागा मिळाली १९९५ मध्ये, आशियाई खेळांत २०१४ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये नाहीच. त्यामुळे कंपाउंड घेणाऱ्या पोरांना घरी, शेजारी, सगळीकडे एकच ऐकावं लागायचं. ऑलिंपिकमध्ये नाही ना, मग कायले शिकतो? आणि हे धनुष्य स्वस्तही नाही, सगळं सामान धरून काही लाखांचा मामला. बापाच्या जागी उभं राहून बघा. सोयाबीनचा भाव काय, कापसाचा काय, आणि पोरगं म्हणतं की मला लाखांचं धनुष्य पाहिजे आणि तो खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. कोण हो म्हणेल?

कुणीतरी हो म्हटलं. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकार अंतिम फेरीत उभा होता. समोर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगातला पहिल्या क्रमांकाचा. प्रथमेशचं वय १९. निकाल १४९ विरुद्ध १४८. पंधरा बाणांत प्रथमेशचा एकच गुण गेला आणि तेवढ्यावर जगातला पहिला खाली बसला. त्याच वर्षी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. हांगझोच्या आशियाई खेळांत कंपाउंडची पाच सुवर्णपदकं होती, पाचही भारताने घेतली. पुरुषांच्या सांघिक सुवर्णात ओजस आणि अभिषेक वर्मासोबत आपला प्रथमेश.

आता दुसरी बाजू बघा. ऑलिंपिकच्या यादीत असलेल्या रिकर्व्हमध्ये भारताला आजपर्यंत ऑलिंपिकचं एकही पदक नाही. पॅरिसमध्ये २०२४ ला मिश्र जोडी चौथी आली, ते आजवरचं सगळ्यात जवळचं. पाचही सुवर्णपदकं कोरियाने नेली. का? माझं मत सांगतो. कोरियाने आपली सगळी ताकद यादीतल्या प्रकारावर लावली आहे, कित्येक दशकं. तिथे जाऊन त्यांच्याशी लढायचं म्हणजे शेगावात जाऊन कचोरीचं दुकान टाकायचं. टाकता येईल, पण समोर कोण बसलंय ते बघून टाका. कंपाउंडच्या मैदानात मात्र गर्दी कमी होती, आणि आपल्यासारख्या बिनमोठ्या गावांतल्या पोरांनी तिथे पाय रोवले. सातारा, नागपूर, बुलढाणा. मुंबई-पुण्याचं नाव कुठे आलं का?

आणि मग यादी बदलली. एप्रिल २०२५ मध्ये ऑलिंपिक समितीने जाहीर केलं की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र जोडी असेल. ज्यांनी यादीची वाट न बघता बारा-पंधरा वर्षं हात घासला, ते तयार आहेत. ज्यांनी त्या जाहीर होण्याच्या दिवशी धनुष्य घेतलं, त्यांना २०२८ साठी वेळच नाही. शिवाय नीट वाचा, मिश्र जोडी. एका देशातून एक मुलगा, एक मुलगी. अख्ख्या भारतातून दोन जण. तेव्हा आता बुलढाण्यात कंपाउंडसाठी रांग लागली असेल तर त्या आई-वडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पोराला त्या दोन जागांसाठी धनुष्य देऊ नका. त्याला ते आवडतं म्हणून, त्याचा हात बसतोय म्हणून द्या. पॅरलल स्लॅलमसारखं हेही पुढच्या वेळी राहील की जाईल, आपल्या हातात नाही.

आपल्याकडे शेतकऱ्यांनी हे आधीच पाहिलं आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, तोही अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम केला. मधली सात वर्षं शंकरपट यादीत नव्हता. बहुतेकांनी पळणारे बैल विकून टाकले, खर्च कोण करणार? ज्यांनी जोडी ठेवली, वासरं तयार केली, त्यांच्याकडे २०२२ मध्ये लोक विचारत आले. शर्यत बरी की वाईट हा वाद मी इथे काढत नाही, त्याला दोन्ही बाजू आहेत. मी फक्त बैल कोणाच्या दावणीला उरले ते सांगतोय.

आता सबसिडी. पीएमईजीपीचं उदाहरण घेऊ, कारण जास्त प्रश्न त्याचेच असतात. उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेच्या धंद्याला २० लाखांपर्यंत. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटाला ३५ टक्के अनुदान. ऐकायला गोड आहे. पण ते पैसे पहिल्या दिवशी तुमच्या खिशात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावाच्या मुदत ठेवीत तीन वर्षं राहतात, धंदा चालू आहे हे दिसलं की कर्जात वळते होतात. तोपर्यंत हप्ता तुमच्याच गल्ल्यातून जातो. म्हणजे तीन वर्षं धंदा स्वतःच्या पायावर चालला पाहिजे, तेव्हा कुठे यादीचा फायदा. सबसिडीसाठी निवडलेला धंदा दीड वर्षात बसला, तर उरतं फक्त कर्ज. असे दोन-तीन जण दर बॅचला माझ्यासमोर बसलेले असतात, मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेली आणि हप्ता चालू.

याउलट देऊळगाव राजाकडच्या एक ताई माझ्या क्लासला आल्या होत्या. तिकडे बियाण्याच्या शेडनेटचं काम मोठं. फुलांना हाताने पराग लावायचं काम, क्रॉसिंग म्हणतात त्याला, बायकाच करतात. या ताईंनी पंधरा-वीस बायकांचा गट बांधला, नव्या मुलींना शिकवलं, वही ठेवली, कुणी कोणत्या ओळीत काम केलं त्याची नोंद. ज्या शेतकऱ्याला वेळेवर माणसं लागतात तो आता त्यांना आधी फोन करतो आणि मजुरीवर थोडं जास्त देतो, कारण फळधारणा चांगली होते. त्यांनी विचारलं, "सर, याले काय म्हणतात? फॉर्मवर कोणत्या खान्यात लिहू?" मी फॉर्म उलटसुलट बघितला, खाना सापडला नाही. धंदा मात्र चालू होता, आजही आहे. पुढे त्यांनी सेवा उद्योग म्हणून अर्ज तयार केला. अनुदान मिळालं तर त्या गाडी घेणार आहेत बायकांना ने-आण करायला, नाही मिळालं तर सेकंडहँड घेणार आहेत.

माझ्या मते योग्य क्रम हाच आहे. मी सबसिडीच्या विरोधात नाही. तो तुमचा हक्क आहे, कागद पूर्ण करा आणि घ्या, कुणाला मधे खायला देऊ नका. पण लिंडसी जेकोबेलिससारखी माणसं बघा. २००६ मध्ये स्नोबोर्ड क्रॉस पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, ती सगळ्यांच्या खूप पुढे होती, शेवटाला एक हौसेची उडी मारली आणि पडली. सुवर्ण गेलं, रौप्य मिळालं. ती खेळत राहिली. पाचव्या ऑलिंपिकमध्ये, २०२२ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी तिने तेच सुवर्ण घेतलं. आणि मिश्र जोडीचा प्रकार नुकताच यादीत आला होता, त्यातही ४० वर्षांच्या निक बॉमगार्टनरसोबत दुसरं सुवर्ण. सोळा वर्षांपूर्वी तिने फळी पायाला बांधली तेव्हा त्या दुसऱ्या पदकाचा प्रकारच अस्तित्वात नव्हता.

तर आता काम करा. ज्या धंद्याचा विचार डोक्यात आहे त्याचा एका पानावर हिशोब मांडा. कच्चा माल, मजुरी, भाडं, वीजबिल, हप्ता, आणि महिन्याला अंदाजे विक्री. सबसिडीच्या ओळीत शून्य लिहा. तीन वर्षांचा हिशोब करा आणि तो कागद कमेंटमध्ये टाका, फोटो काढून टाकला तरी चालेल. फक्त आधार कार्ड, खाते नंबर वगैरे दिसू देऊ नका. ज्यांचा शून्यावरही हिशोब बसतो त्यातले पाच कागद घेऊन पुढच्या रविवारच्या व्हिडिओत प्रोजेक्ट रिपोर्ट कसा भरायचा ते दाखवतो. ज्यांचा बसत नाही त्यांनीही टाका, कुठे अडतंय ते बघू.